साध्य आधी, सिद्धता मागून

सानपाड्याच्या अभ्यासिकेत कुणी कुणाच्या वहीत डोकावत नाही. आणि हा शेजारचा अनोळखी मुलगा तर चक्क पेन काढून उज्वलाच्या उत्तरावर काट मारत होता!

"अहो… काय हे?"

"एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश? सॉरी हां, राहवलं नाही."

त्याने हळूच डबा उघडला आणि तांदळाच्या भाकरीचे सहा सारखे तुकडे केले. "अर्धी भाकरी म्हणजे?"

"तीन तुकडे."

"एक तृतीयांश?"

"…दोन. म्हणजे मिळून पाच. सहातले पाच!"

धक्का तिला स्वतःच्याच उत्तराचा बसला. दहावीला याच विषयाने तिची दांडी उडवली होती. आता पार्लरची नोकरी सांभाळून ती पुन्हा पेपर देत होती. उरलेला तुकडा त्याने तिच्यापुढे सरकवला. "हा हुशार माणसाचा. मी हरेश. इथलाच, गावातला."

मग रोजच तो शेजारी बसू लागला.

"दोन क्ष अधिक सहा बरोबर वीस. आधी सहाला पलीकडे पाठव."

"चौदा उरले… दोनने भागले… सात! पण बिचारा क्ष, एकटाच पडला की."

"एकटा सापडल्याशिवाय त्याची किंमत कशी कळणार?" तो म्हणाला, आणि बघतच राहिला… उज्वलाला वहीत खाली बघावं लागलं.

भूमितीत मात्र ती हमखास चुकायची. त्रिकोणाच्या दोन बाजू समान देऊन त्यांच्यासमोरचे कोन समान दाखवायला सांगितले, की ही लिहून मोकळी – दोन कोन समान आहेत, म्हणून…

"थांब! जे सिद्ध करायचंय तेच धरून चालतेस तू. साध्य कधी गृहीत धरायचं नसतं. वरचा कोन दुभाग, दोन त्रिकोण एकरूप दाखव, मग कोन."

सोमवारी पेपर. त्यानंतर शेजारी बसायला निमित्त उरणार नव्हतं, आणि हा पठ्ठ्या काही बोलत नव्हता.

शनिवारी एक बाई डबा घेऊन थेट टेबलापाशी आल्या. "हरेश, हीच ना रं आपली सून? गो पोरी, किती नाजूक हाय!"

उज्वलाच्या हातातून कंपास निसटला. हरेश कानापर्यंत लाल.

"आई… तिला अजून विचारलंच नाय मी."

"आँ?" आता त्याची आई शेवंताबाई हादरल्या. "आनि मी सगल्या आलीत सांगून आले!"

"म्हणजे सगळ्या आळीला ठाऊक, फक्त मला नाही?" उज्वलाने रागाने विचारलं. "साध्यच गृहीत धरलंस?"

तिने कोरा कागद पुढे ढकलला. "पहिल्यापासून सोडव. एकही पायरी गाळायची नाही."

त्याने पेन उचललं, ठेवलं. "मला तू आवडतेस. पहिल्या चुकलेल्या उत्तरापासून."

"पुढे?"

"पुढची पायरी मला येत नाही. मी… तुला आवडतो का?"

"आवडतोस!"

ती एवढ्या मोठ्याने बोलली, की अख्ख्या अभ्यासिकेने माना वर केल्या.