दुसरीचा थकवा

मिरजेच्या एका महाविद्यालयातल्या क्रीडाशरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेत नसीम मुलाणी अकरा मिनिटं ट्रेडमिलवर जीव खाऊन धावत होती, आणि धाप लागली होती ती खुर्चीत बसलेल्या ऋचा आवटेला. ऋचाचे पाय शिशाचे झाले होते, छातीवर कुणीतरी गुडघा रोवून बसल्यासारखं वाटत होतं. बाराव्या मिनिटाला तिला राहवेना.

"पुरे!" ती ओरडली. "थांबवा तिला, मरेल ती!"

पट्टा थांबला. नसीम उडी मारून खाली उतरली. अंगातून घाम निथळत होता, पण चेहरा हसरा.

"एवढ्यात? मी तर आत्ता कुठं सुरुवात केली होती की!"

डॉ. विभावरी नाडगौडांनी ऋचाच्या मानेवरची, संदेश घेणारी पट्टी सोडवली. तिच्या हातात साखरपाण्याचा पेला दिला.

"घाबरू नकोस. तुझी नाडी बहात्तर आहे. तुझे स्नायू जागेवरून हललेलेही नाहीत."

"मग मला हे काय झालं, मॅडम?"

"नसीमचा थकवा झाला. थकवा म्हणजे स्नायूंची तक्रार, असं आपण समजतो. तसं नसतं. तो मेंदूचा अंदाज असतो. रक्तातली साखर, अंगातली उष्णता, मीठ, श्वास, सगळ्याची बेरीज करून मेंदू सांगतो, की आता थांब, नाहीतर नुकसान होईल. नुकसान व्हायच्या बऱ्याच आधी सांगतो, काळजीवाहू माणसासारखा. नसीमच्या पट्टीनं तो संदेश तिच्यापुरता अडवला आणि तुझ्याकडे वळवला."

कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे असलेले प्रशिक्षक थोरवे सर पुढे आले. "नुसता अडवला असता तर, मॅडम? ह्या पोरीला त्रास कशाला?"

"तर नसीम स्नायू फाटेपर्यंत धावली असती. कुणीतरी 'पुरे' म्हणायला हवं."

"यंत्र म्हणेल."

"तीन वर्षं तेच करून पाहिलं. यंत्राला आकडे कळतात, बेरीज जमत नाही. ती फक्त मेंदूला जमते. तो मेंदू धावणारीचाच असावा असं मात्र नाही."

ह्या यंत्रणेला डॉक्टरांनी 'श्रमवाहिनी' नाव दिलं होतं, आणि जिच्याकडे थकवा जायचा तिला 'श्रमवाहक'. क्रीडासंघटनेनं एका हंगामापुरती, एका संघात एकाच जोडीला परवानगी दिली होती. थोरवे सरांना ती जोडी हवी होती, कारण त्यांच्या बास्केटबॉल संघाचा सगळा खेळच दमछाकीवर उभा होता. बाकीचे संघ बास्केट झाली की माघारी पळतात आणि आपल्या कडीखाली बचावाला उभे राहतात. सरांच्या मुली माघारी जात नसत. प्रतिस्पर्धी मुलीनं शेवटच्या रेषेमागून चेंडू आत टाकायचा, तर तिथंच तिच्या नाकासमोर उभ्या. संपूर्ण मैदानाचा दबाव. आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडावी लागते, आणि अंगावर दोघी चालून आल्या की भल्याभल्यांचे हात भलतीकडे चेंडू फेकतात. पण असा दबाव चाळीस मिनिटं टिकत नाही. दाबणारीच आधी मोडते. बाकीच्या चौघींना आळीपाळीनं बदलता यायचं. सगळ्यात पुढं असलेल्या नसीमला मात्र बदली नव्हती. चेंडू कुठं जाणार हे तिला फेकणारीच्या खांद्यावरून आधी कळायचं. तसे डोळे दुसऱ्या कुणाकडे नव्हते.

ऋचाकडे होते, दोन वर्षांपूर्वी. मग गुडघ्यातला लिगामेंट तुटला, शस्त्रक्रिया झाली, आणि ती टॉवेल-बाटल्या सांभाळण्यापुरती संघात उरली. सरांनी विचारलं तेव्हा तिनं एकच प्रश्न केला.

"माझं नाव खेळाडूंच्या यादीत असेल?"

"बाराव्या नंबरवर. जर्सीसकट."

"आणि माझ्या अंगाला काही होणार नाही?"

"काडीचीही इजा नाही," डॉ. नाडगौडा म्हणाल्या. ते शब्दशः खरं होतं.

पहिला सामना भयानक गेला. बाकावर बसून ऋचा टॉवेलमध्ये ओकली. दुसऱ्या चरणातच तिनं हात वर केला आणि नसीमला सोळा मिनिटांवर बाहेर काढावं लागलं. नसीम चिडली. "मला काही झालं नव्हतं गं!" ऋचा रात्रभर तळमळली, पण पुढच्या सामन्याला पुन्हा पट्टी बांधून बसली. डॉक्टरांनी तिला शिकवलं, डोळे मिटून घे, बाहेरच्या गोंगाटाकडे लक्ष देऊ नकोस, फक्त आत काय येतंय ते बघ. नसीम त्या दिवशी एकवीस मिनिटं खेळली. मग सव्वीस. मग एकतीस. पाचव्या सामन्यानंतर ऋचा बाकावरून उठून सरळ चालत गेली आणि स्वतःच चकित झाली.

"कणखर झालीस," थोरवे सर सगळ्यांसमोर म्हणाले. "मैदानात पाच जणी लढतात असं लोकांना वाटतं. माझी सहावी इथं बसलेली असते."

दोन वर्षांत तिच्याबद्दल कुणी असं बोललं नव्हतं. ती वसतिगृहावर गेली आणि आरशासमोर बारा नंबरची जर्सी घालून उभी राहिली. सोसायची ताकद वाढली, असा तिनं अर्थ लावला. डॉक्टरांनी तोच लावला, आपल्या निबंधात तसं लिहिलंही. नसीम तर खूशच होती. संध्याकाळी दोघी भेळ खायला जायच्या तेव्हा ती ऋचाच्या खांद्यावर डोकं टेकायची. "तू आहेस म्हणून मी आहे बघ."

अंतिम सामना मे महिन्यात झाला, पत्र्याच्या छपराच्या बंदिस्त क्रीडागृहात, भर दुपारी. समोर केरळचा संघ होता. उंच, शांत मुली, चेंडू गमावला तरी चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती. तीन चरण दबाव टाकूनही मिरजेचा संघ चार गुणांनी मागे होता. सहा मिनिटं उरली असताना सरांनी विश्रांती मागितली.

मुली गोल करून उभ्या राहिल्या. नसीम मधोमध होती. सर तिच्याशी बोलले नाहीत. तिला काही विचारण्यात अर्थ नव्हता, ती नेहमी 'हो'च म्हणायची. ते ऋचासमोर उकिडवे बसले.

"ऋचा, नीट बघ. सहा मिनिटं. काढू का तिला?"

ऋचानं डोळे मिटले. प्रामाणिकपणे शोधलं. पायांत शोधलं, छातीत शोधलं. खोल कुठंतरी किंचित जडपणा होता, दुपारच्या जेवणानंतर येतो तसा. समोरच्या यंत्रावर नसीमच्या नाडीचे आकडे होते, तेही गेल्या सामन्यांसारखेच.

"चालेल, सर," ती म्हणाली.

नसीमनं त्या सहा मिनिटांत तीन वेळा चेंडू हिसकावला. तिसऱ्यांदा चौदा सेकंद उरले होते. ती एकटी कडीकडे धावली, चेंडू आत टाकला, संघ एका गुणानं पुढं गेला. आणि ती परत वळून पुन्हा दबावाला उभी राहिली. भोंगा वाजल्यावर सगळ्या तिच्या अंगावर झेपावल्या. ती खाली होती. सगळ्यांना वाटलं, आनंदानं आडवी झाली. तिचे ओठ निळे पडलेत, हे केरळच्या एका मुलीनं पाहिलं आणि तीच किंचाळली.

नसीम वाचली. पण मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू फुटून त्यांचा गाळ रक्तात उतरला होता आणि त्यानं दोन्ही मूत्रपिंडं तुंबली होती. पोटऱ्यांतला काही भाग कापून काढावा लागला.

विद्यापीठानं चौकशी समिती नेमली. तीन सदस्य, लांब टेबल, पलीकडे ऋचा. पडद्यावर दोन आलेख होते. एक नसीमकडून निघालेल्या संदेशाचा, दुसरा ऋचाच्या मेंदूपर्यंत पोचलेल्या संदेशाचा. एकावर एक ठेवले तर एकच दिसत.

"संदेश पोचला होता," अध्यक्ष म्हणाले. "पूर्ण. पहिल्या सामन्याच्या अडीचपट. मग तुम्ही 'चालेल' का म्हणालात?"

"मला काही जाणवलं नाही, सर."

"जिंकायचं होतं म्हणून?"

"नाही, खरंच..."

तेव्हा डॉ. नाडगौडा उभ्या राहिल्या. महिनाभरात त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या.

"ती खरं बोलते आहे. चूक माझी. थकवा हा अंदाज असतो हे मीच शिकवत आले, आणि पुढचं साधं पाऊल मला दिसलं नाही. अंदाज खोटा ठरला की मेंदू तो बदलतो. हिच्या मेंदूला दर सामन्यात सांगितलं जात होतं, की थांब, नुकसान होईल. आणि दर सामन्यानंतर तिचं शरीर धडधाकट. साखर जागेवर, स्नायू शाबूत. असं दहा वेळा झाल्यावर मेंदूनं तो इशारा खोटा म्हणून निकालात काढला. आम्ही त्याला सहनशक्ती म्हणालो. मुळात दुसऱ्याचा थकवा कुणालाच फार दिवस जाणवत राहणार नाही. न जाणवण्यातच जाणवणाऱ्याचं भलं असतं."

मग अध्यक्षांनी विचारलं, "सुरुवातीच्या सामन्यांत इशारा नीट मिळत होता ना?"

"हो. पहिल्या चारेक सामन्यांत."

अध्यक्षांनी ते टिपून घेतलं.

अहवाल पावसाळ्यात आला. कुणावर दोष ठेवला नव्हता. यंत्रणा बंद करावी असंही म्हटलं नव्हतं. शिफारस एकच होती, की श्रमवाहक दर चार सामन्यांनी बदलावा. थोरवे सरांनी ऋचाला बोलावून ते स्वतः सांगितलं, तिच्याकडे न बघता. मैदानावर पहिल्या वर्षाच्या सात मुली रांगेत उभ्या होत्या. प्रत्येकीला यादीत नाव हवं होतं.

"बारा नंबरची जर्सी जमा कर," सर म्हणाले. "आळीपाळीनं लागेल."

त्याच दुपारी ऋचा रुग्णालयात गेली. नसीमला आता काठी घेऊन जिना चढायला शिकवत होते. ऋचा तिच्या सोबतीनं चढू लागली. नवव्या पायरीवर नसीम थांबली, कठडा धरला, धापा टाकत हसली.

"अगंबाई! हे विसरलेच होते बघ मी. पायांत वाळू भरल्यासारखं होतं, नाही?" तिनं घाम पुसला. "नऊ पायऱ्यांत ही गत. आणि तू अख्खी मॅच हे सोसत बसायचीस. माझ्यासाठी. मी कधी नीट थँक्यूसुद्धा म्हटलं नाही."

अहवाल तिनं वाचला नव्हता, तिला कुणी दिलाच नव्हता. ऋचाला गप्प बसता आलं असतं.

"फायनलला मी काही सोसत नव्हते, नसीम."

"म्हणजे?"

"मला काही वाटतच नव्हतं. थोडी जांभई येत होती."

नसीमच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं. खालून कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेली.

"सरांनी विचारलं तेव्हा मी तुझ्यासमोरच उभी होते," ती म्हणाली. "आपल्या संघातली नीला नंतर सांगत होती, माझे पाय लटपटत होते, उभ्या जागी. तुला नाही दिसलं?"

"मी डोळे मिटले होते."

नसीमनं मान हलवली, एखादा हिशोब पटल्यासारखी. मग काठी वरच्या पायरीवर ठेवली. पाय थरथरत होता. ऋचानं चटकन तिच्या दंडाला हात घातला.

नसीमनं तो सावकाश बाजूला केला.

"राहू दे," ती म्हणाली. "माझं मला कळू दे."