एकोणिसावा टेक

यात मी पदरचं काही घातलेलं नाही. उलट दोन-तीन गोष्टी गाळल्याच आहेत, कारण त्या लिहायला हात धजावत नाही.

आणखी एक. हे रात्री घडलेलं नाही.

मंगळवार होता. दुपारी दोन ते सव्वाचार. बाहेर लख्ख ऊन. पण रेकॉर्डिंग स्टुडिओला खिडक्या नसतात. एकदा आत गेलं की दिवस काय नि रात्र काय, सारखंच.

मी तिथे ध्वनिमुद्रणाचं काम करते. काचेच्या अलीकडे मशीनपाशी मी, पलीकडे माइकसमोर बोलणारा माणूस.

त्या दिवशी पलीकडे माझी मावशी होती.

एके काळी तिला घरोघरी ओळखायचे. टीव्हीवर रोज संध्याकाळी साडेपाचला मुलांचा कार्यक्रम लागायचा. त्यात पिवळा झगा घालून ती गोष्टी सांगायची. बावीस वर्षं. झाडून सगळी पोरं तिला मावशीच म्हणायची. शिवाय कार्टूनमधले निम्मे ससे आणि बदकं तिच्याच आवाजात बोलायची. रस्त्यात मुलं येऊन बिलगायची. ती त्यांचे गालगुच्चे घ्यायची, आणि घरी आली की कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायची.

मी तिला नावं ठेवतेय असं समजू नका. वडील मला आठवतही नाहीत. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. मावशीनंच मला वाढवलं, शिकवलं, याच धंद्यात कामाला लावलं. भेटायला आलेल्या बायका मला बघून म्हणायच्या, माय मरो पण मावशी उरो. लहानपणी मला वाटायचं, या म्हणीतल्या दोन्ही गोष्टी आमच्याकडे खऱ्या झाल्या.

आईचं माझ्याकडे काय आहे? चार फोटो आणि एक स्वेटर. आवाज नाही. घरात टेपांनी दोन कपाटं भरलेली होती, त्यात माझ्या आईचा एक शब्द नव्हता. तिचा आवाज कसा होता ते मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला तरी आठवत नाही.

मावशीला मी कितीदा तरी विचारलं होतं. शेवटी आई काही बोलली का? माझ्याबद्दल काही?

तिचं उत्तर ठरलेलं.

"नाही गं. शुद्धच नव्हती तिला."

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

कार्टूनमधल्या लहान मुलांचे आवाज बहुतेक मोठ्या बायकाच काढतात. बोलणं जमतं. हसणं जमतं. रडणं मात्र जमत नाही. मोठं माणूस मुलासारखं रडायला लागलं की ते खोटं ऐकू येतं. म्हणून खरं मूल आणतात, त्याला रडवतात, आणि ते रडणं जपून ठेवतात. मग वर्षानुवर्षं तेच वापरतात.

आमच्या स्टुडिओत जे रडणं होतं, ते माझं होतं.

अकरा सेकंदांचं. हरणाच्या पाडसाची एक मालिका होती, त्यात पाडसाची आई मरते. त्या प्रसंगासाठी मला आणलं होतं. मी काही केल्या रडेना. चिमटे काढून झाले, दिवे घालवून झाले. मग मावशी माइकजवळ गुडघ्यांवर बसली आणि माझ्या कानात म्हणाली, "तुझी आई मेली."

मी रडले.

नंतर सगळे हसले. खोटं होतं गं वेडे, म्हणून तिनं मला चॉकलेट दिलं. संध्याकाळी घरी गेलो तर आई खरंच गेली होती. दवाखान्यात, सव्वाचार वाजता.

बोलाफुलाला गाठ पडली, असं मावशी म्हणायची. मी ते मानलं होतं. न मानून जाणार कुठे?

पुढं ते रडणं मी शंभर ठिकाणी ऐकलं. हरवलेलं बदक, काटा रुतलेला ससा, साबणाच्या जाहिरातीतलं बाळ. मैत्रिणींच्या घरी टीव्ही चालू असायचा आणि मी मध्येच उठून बाथरूममध्ये जाऊन बसायचे.

तर तो मंगळवार.

पाडसाची ती जुनी मालिका नव्यानं रंगवून काढायची होती. माझ्या रडण्याची टेप बुरशी लागून वाया गेली होती. खरं मूल रडवायला आता कुणी परवानगी देत नाही. मावशी त्रेसष्ट वर्षांची, चार वर्षं तिला काम नव्हतं. ती दिग्दर्शकाला म्हणाली, मी करते. अकरा सेकंद तर आहेत.

दिग्दर्शक माझ्याच वयाचा, भला माणूस. तो माझ्या शेजारी बिस्किटं खात बसला होता. खोलीत आम्ही दोघंच.

काचेपलीकडे मावशी स्टुलावर बसली. हेडफोन लावला. आमच्याकडे एक बटण असतं. ते दाबून धरलं तरच आमचं बोलणं तिच्या हेडफोनमध्ये जातं. सोडलं की तिला काहीच ऐकू जात नाही.

पहिला टेक. वाईट. म्हातारी बाई लाडात आल्यासारखी.

दिग्दर्शकानं बटण दाबलं. "मस्त, मावशी. एक जादा घेऊन ठेवू."

दुसरा टेक. तसाच.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. काही बोललो नव्हतो. बटणाला कुणाचा हात नव्हता.

मावशीनं मान वर केली...

"खरं वाटत नाही? बरं. परत घेते."

तिसरा टेक झाला. मग चौथा. प्रत्येक टेकनंतर ती क्षणभर ऐकायची, मान हलवायची आणि पुन्हा सुरू करायची. आमच्याकडे बघतही नव्हती.

मग चिडून मला म्हणाली, "त्या बाईंना सांग, जरा स्पष्ट बोला. नुसता श्वास ऐकू येतोय."

कुठल्या बाई?

मावशी सोडली तर त्या मजल्यावर बाई मी एकटीच होते.

दिग्दर्शक हसला. शेजारच्या स्टुडिओची लाइन मिसळली असेल, म्हणाला. मी वायर तपासली. नीट होती. मग माझं लक्ष मशीनवरच्या काट्याकडे गेलं. आम्ही बटण दाबून बोललो की तो काटा हलतो.

बटण मोकळं होतं...

काटा हलत होता.

सावकाश वर. सावकाश खाली. मध्ये मोठा थांबा. परत वर.

मी माझा हेडफोन त्या लाइनला जोडला.

श्वास होता. ओढून ओढून घेतलेला. प्रत्येक वेळी वाटावं, हा शेवटचा. आणि त्यातून एक शब्द आला. अगदी दमलेला.

"पुन्हा..."

मी हेडफोन काढायला हवा होता. काढला नाही.

काचेपलीकडे मावशीचा चेहरा उतरला होता. तिनं माइकची दांडी धरली.

"ताई?" ती म्हणाली.

ती फक्त माझ्या आईला ताई म्हणायची.

"ताई, फोन आला होता गं. साडेबारालाच आला होता. नर्स म्हणाली, पोरीला घेऊन या, त्या सारख्या विचारतायत. मी म्हटलं, सांगा त्यांना, निघाली आहे म्हणून. तासाभराचं काम होतं, ताई. मला वाटलं, तू थांबशील."

दिग्दर्शकाच्या हातातलं बिस्किट हातातच राहिलं.

मी मनात हिशेब केला. साडेबारा ते सव्वाचार. पावणेचार तास माझी आई दाराकडे बघत होती. दवाखाना दोन रस्ते पलीकडे होता. चालत गेलो असतो तरी वीस मिनिटं. तेवढा वेळ मला इथे चिमटे काढत होते.

तेव्हा मी बटण दाबलं. होय, त्या वेळी मीच दाबलं.

"मावशी, काय विचारत होती ती? नेमके शब्द सांग."

मावशीनं काचेतून माझ्याकडे बघितलं. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"'आली का ती?' एवढंच. फोनमध्ये मागून ऐकू येत होतं. सारखं. 'आली का ती?'"

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला भयंकर राग आला होता, आणि रागाच्याही वर एक हाव सुटली होती. ही बाई बावीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज काढून जगली. कुणाचाही आवाज एकदा ऐकला की तिच्या गळ्यात बसायचा. माझ्या आईचा आवाज जगात फक्त तिच्याच गळ्यात शिल्लक होता, आणि तो मला तिनं कधीच ऐकवला नव्हता.

"तिच्या आवाजात म्हण," मी म्हणाले.

"नको गं. नाही जमायचं."

"जमव."

तिनं म्हटलं. "आली का ती?" तिचाच आवाज. नाटकी.

"पुन्हा."

सहावा. सातवा. आठवा. आवाज जरा खाली गेला. दहाव्याला तिनं पाणी मागितलं.

"आधी हा टेक," असं तिला सांगितलं गेलं. मी सांगितलं की हेडफोनमधल्या त्या दुसरीनं, हे मला आजही सांगता येत नाही. दोन्ही आवाज एकाच लाइनवर होते.

दिग्दर्शक म्हणाला, बस कर, म्हातारी आहे ती. मी त्याचा हात मशीनवरून बाजूला केला. तो दार उघडायला गेला. माइकच्या खोलीचं दार बाहेरून ओढलं की उघडतं, त्याला कडी नाही. त्यानं जोर लावून ओढलं, दोनदा ओढलं...

दार हललं नाही.

चौदावा. पंधरावा. मावशीचा घसा फाटला होता. ओठांच्या कोपऱ्यात लाल दिसत होतं. ती हात जोडत होती, मला की आणखी कुणाला ते कळत नव्हतं. आणि प्रत्येक टेकला आवाज बदलत होता. मऊ होत होता. तरुण होत होता.

"पुन्हा..."

सतरावा. अठरावा.

मग एकोणिसावा.

"आली का ती?"

माझी आई.

कसं ओळखलं, असं विचारू नका. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते, सहा वर्षांची असताना बसायचे तशी, आणि ते मला नंतर कळलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आले गं आई."

काटा थांबला. लाइनवरचा श्वास थांबला.

दिग्दर्शकानं दाराला परत हात लावला तर ते सहज उघडलं. मावशी स्टुलावरून खाली सरकलेली होती. शुद्धीत होती. तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता.

तेव्हापासून आलेला नाही.

डॉक्टरांनी तीनदा नळी घालून बघितलं. घशाला इजा झाली होती, ती महिन्याभरात भरली. गळा ठणठणीत आहे, आवाज यायला हवा, असं ते म्हणतात.

त्या दिवसाची फाइल माझ्याकडे आहे. अठरा टेक नीट उमटलेत. मावशीची रडारड, विनवण्या, सगळं आहे. मालिकावाल्यांनी बाराव्या टेकनंतरचं तिचं रडणं उचललं. फारच खरं वाटतंय, म्हणून कौतुकही कळवलं. आता मुलं ते बघतात.

एकोणिसाव्या टेकमध्ये काही नाही. खोलीची शांतता आहे आणि शेवटी माझे दोन-तीन शब्द.

दिग्दर्शक माझा फोन घेत नाही. शेवटचा घेतला तेव्हा म्हणाला, लाइनवर दुसरी कुठलीही बाई नव्हती. दुसऱ्या टेकपासून प्रत्येक वेळी तूच 'पुन्हा' म्हणत होतीस, बटण तुझ्याच बोटाखाली होतं. आणि दार, म्हणाला, तू पायानं अडवून धरलं होतंस.

मी खुर्चीवरून उठलेच नव्हते. हे मी कुणाचीही शपथ घेऊन सांगेन.

मावशी आता माझ्याकडेच असते. मी तिचं सगळं करते. वेळच्या वेळी जेवण, औषध, अंघोळ. शेजारीपाजारी म्हणतात, पोरीनं पांग फेडले.

घरात मी शक्यतो बोलत नाही. कारण मी काहीही बोलले, अगदी 'जेवायला चल' म्हटलं, तरी ती असेल तिथून उठते. सरळ उभी राहते. माझ्याकडे बघत तोंड उघडते. गळ्याच्या शिरा ताठ होतात, डोळ्यांतून पाणी वाहतं, आणि ती प्रयत्न करत राहते.

'राहू दे मावशी' असं म्हटलं की ती थांबते. तेवढंच म्हणावं लागतं.

बहुतेक दिवस मी म्हणते.