धुळीमागचे तारे

शिडीवरून उतरला तो थेट हेमांगीच्या चित्रासमोर येऊन थबकला. जळगावच्या कॉलेजातलं विज्ञान प्रदर्शन. चित्र होतं अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या तेजोमेघाचं... त्यात वायू आणि धूळ गोळा होऊन जन्मणारे तारे. आणि हा, दिवे जोडायला आलेला स्वप्नील. बाहीवर चुना, डोळ्यांत नुसतं कुतूहल.

"मॅडम, हाई बठ्ठी धूळ शे, तं मधला तारा कशा दिसी ऱ्हायनात?"

मैत्रिणी खुदकन हसल्या. हेमांगीला उत्तर येत नव्हतं, म्हणून तिने नाक मुरडून त्याचीच नक्कल केली.

"कशा दिसी ऱ्हायनात! अहो, दुर्बीण मोठी आहे म्हणून."

तो ओशाळून हसला, पुन्हा शिडीवर चढला. साक्रीला घरी हेमांगीही अशीच अहिराणी बोलायची. पण जळगावात तीन वर्षांत तिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

दुपारी तिची आई, भिकुबाई, एसटीने आली. हातात शेंगांची पिशवी. चित्राकडे बघतच राहिली.

"हेमा, इतली धूळ... मधला तारा कशा दिसी ऱ्हायनात वं?"

मैत्रिणींनी पुन्हा तोंडावर हात धरले. हेमांगीचे कान तापले. लाज वाटली, आईची नव्हे, स्वतःची! नजर वर उचलेना. तेवढ्यात शिडीवरून स्वप्नीलचा आवाज आला; मधल्या वेळात त्याने मोबाइलवर उत्तर शोधलं होतं.

"अक्का, ती दुर्बीण नुसता उजेड नही, ऊब देखस. ताराची ऊब धूळमाईन भायेर येस. वायर कोठे तापनी ते देखाना मना कॅमेरा बी तसाच शे."

"कितलं साजरं सांगं रे भाऊ!" भिकुबाई खूश झाली.

हेमांगीने ओंजळभर शेंगा घेतल्या आणि सगळ्यांदेखत शिडीपाशी गेली.

"मनं चुकनं... मी बी साक्रीनी शे. मी तुमले हासनू, तं मनी मायलेच हासनू."

स्वप्नील दोन पायऱ्या खाली आला. त्याने शेंगा घेतल्या.

"तुम्ही हासनात तवय गालले खळी पडनी. राग येवाना ऱ्हाई गया."

ती लाजली... पण ही लाज वेगळी होती.

"उद्या कोनी इचारं, आन मी इसरी गऊ तं? तुम्ही येशात ना?"

"काम तं आजच सरनं," तो म्हणाला. मग खाली उतरून शिडी चित्राशेजारच्या भिंतीला टेकवली. "शिडी आठेच ठेवी जास."