पाचवं वर्तुळ

दुकानात आल्या आल्या तो मला ताई म्हणाला, म्हणजे सुरुवात काही चांगली नव्हती.

मामांच्या रंगाच्या दुकानात रंग मिसळायचं काम माझं. शाळा सातवीत सुटली, पण कशाला किती रंग लागतो हे मी गिऱ्हाइकांना विचारून विचारून शिकले होते. तो वेल्डर. पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर काम घेतलेलं — शाळेच्या आवारातली पाण्याची टाकी, चेंडूसारखी गोल, आठ फूट व्यासाची. नमुना म्हणून केलेल्या दोन फुटी गोळ्याला पाव लिटर रंग लागला होता. राखाडीकडे झुकणारा तो निळा मुख्याध्यापिकाबाईंना आवडला, म्हणून त्या रंगाने रंगवलेला पत्र्याचा तुकडा घेऊन तो आला होता.

“टाकी गोळ्याच्या चौपट,” तो म्हणाला. “तेव्हा एक लिटर द्या, ताई.”

“चार लागतील.”

तो हसला. मी म्हटलं, आडवी चौपट तशी उभीही चौपटच ना? त्यावर दुकानदार नेहमी जास्तच खपवतात, असं काहीतरी तो पुटपुटला. मला राग आला. पण त्याच्या पापणीवर लोखंडाचा भुगा चमकत होता आणि… राग नीट टिकेना.

अडचण अशी, की हाताने मिसळलेला रंग दुसऱ्यांदा हुबेहूब जमत नाही. टाकीवर ठिगळ दिसलं असतं तर त्याचं पहिलंच काम वाया गेलं असतं. म्हणून मी चार लिटर एकदमच मिसळला. एक त्याला दिला, तीन फळीखाली सरकवले. मामांनी ते पाहिलंच.

“हा असला निळा दुसरं कोण नेणार? आठवड्यात गेला नाही, तर यापुढे तू नुसते डबे पुसायचेस.”

मामा बोलले की करतात. रोज सकाळी ते बोटांवर दिवस मोजून दाखवत. दार वाजलं की माझी मान वर. रंगासाठीच बघतेय, असं मी स्वतःला सांगत होते.

सातव्या दिवशी तो आला. कोपरापर्यंत निळा.

“पाव टाकी झाली आणि डबा संपला,” तो म्हणाला. “तुमचं बरोबर होतं. मी… ऐकायला हवं होतं.”

यात ताई कुठेच नव्हती, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

मी वाकून तीन डबे वर ठेवले. “त्याच हातचा, त्याच वेळचा.”

आधी डब्यांकडे, मग माझ्याकडे तो बघतच राहिला. माझं बरोबर आलं म्हणून कुणी इतकं खूश झालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

टाकी पूर्ण झाल्यावर तो संत्रं घेऊन आला. आभार मानायला म्हणे. संत्रं मधोमध कापलं, अर्धं कागदावर पालथं घालून पेन्सिलीने पाच वर्तुळं काढली आणि सगळ्या सालीचे तुकडे त्यांत बसवायला लागला. चार भरली. साल संपली.

“गोळ्याचं पृष्ठफळ मधल्या वर्तुळाच्या चौपट,” तो म्हणाला. “त्रिज्या चौपट झाली की वर्तुळ सोळापट, सालही सोळापट. मी शिकलो होतो हे. तुम्ही न शिकता सांगितलंत.”

“आणि आतलं किती, ते कसं काढायचं?”

“पृष्ठफळाला त्रिज्येने गुणायचं, तिनाने भागायचं. झालं घनफळ.”

“म्हणजे वरचं कळलं की आतलंही कळतं?”

“गोळ्याचं कळतं,” तो म्हणाला. “माणसाचं… विचारावं लागतं.”

“मग विचारा की.”

मामा वर्तमानपत्र धरून बसले होते. बराच वेळ पान उलटलं नव्हतं. त्याने रिकाम्या राहिलेल्या पाचव्या वर्तुळात बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. बोलायला लागू नये म्हणून मी संत्र्याची फोड तोंडात टाकली. मग त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं — हो.

“कागद दुकानाचा आहे,” मामा पेपरामागून म्हणाले.

त्याचा हिशोब त्या दिवशी चुकला नसता तर तो चार लिटर घेऊन गेला असता, आणि परत कशाला आला असता? त्या चुकीचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत. आजही टाकी रंगवायची आली की तो मला विचारतो, किती घेऊ? त्याला ठाऊक असतं. तरी विचारतो.