शेकलेले बूट

"'शेकून काढते'? असंच म्हणाली ती? नक्की?" आश्लेषाने डोळे विस्फारून विचारले.

"अगदी असंच!" निहार कुजबुजला. "जिन्याखाली उभी राहून फोनवर बोलत होती. 'मावशी, आज एकेकाला चांगलं शेकून काढते. एकालाही सोडणार नाही!' मी माझ्या कानांनी ऐकलं."

"ओह नो!" नऊ वर्षांच्या आर्यचा चिवड्याने भरलेला हात तोंडापाशीच थबकला. "पण शेकून काढणं म्हणजे काय?"

"बडवणं! आई रागावली की माझ्याबद्दल हेच म्हणते. ॲक्चुअली कधी बडवत नाही. पण उत्तराताई बडवेल, यार. तिच्याकडे बघ तरी!"

तिघांनी दाराच्या फटीतून पाहिले. सतरा वर्षांची उत्तरा भिंतीला टेकून उभी होती. डोक्याची एक बाजू भादरलेली, दुसऱ्या बाजूचे केस जांभळे, काळ्या जाकिटावर लोखंडी साखळी, आणि भुवया अशा आक्रसलेल्या की समोरच्याने आपण होऊन क्षमा मागावी!

नाताळनंतरच्या सुट्टीत अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधील एका चर्चचे सभागृह मराठी मुलांच्या शिबिरासाठी चार दिवस भाड्याने घेतलेले होते. उत्तरा तेथे मदतनीस म्हणून येत असे. येत्या वसंतात लहानग्यांचा मराठी वर्ग आपल्याला शिकवायला मिळावा, अशी तिची फार इच्छा होती. परंतु ती जवळून गेली तरी आया आपापल्या मुलांना ओढून घेत.

आज शिबिराचा तिसरा दिवस. बाहेर हिम पडत होते. आकाशात कोणी संथपणे कापूस पिंजत बसावे आणि त्याचे तंतू खाली येता येता झोपी जावेत, तसे ते पडत होते. निहारच्या दप्तरात त्याचे आवडते जपानी चित्रपुस्तक होते. त्यातल्या गुंडासारख्या दिसणाऱ्या मुलाला सारे गाव भीत असे, आणि तो मात्र शाळेची सुकलेली रोपे गुपचूप पाणी घालून जगवत असे. "एवढं साधं कळत कसं नाही या गाववाल्यांना!" असे म्हणून निहार प्रत्येक पानावर खदखदून हसत असे.

"अजून एक क्लू आहे," आश्लेषा म्हणाली. ती निहारची मावसबहीण, वयाने बरोबरीची, डोक्याने थोडी पुढे. "काल निघताना माझ्या बुटात वर्तमानपत्राचा बोळा निघाला."

"माझ्यापण!" आर्य ओरडला.

"ही धमकी आहे!" निहारने निकाल दिला, आणि धावत जाऊन शिबिराच्या प्रमुख शोभनाकाकूंना सारे सांगून टाकले. काकूंचे ओठ घट्ट मिटले.

तासाभराने काकूंनी टाळ्या वाजवल्या. "मुलांनो, बर्फ वाढतोय. आज एक तास आधी घरी जायचंय. पालकांना मेसेज केलेत. चला, बूट घाला!"

सगळे दारालगतच्या थंडगार दालनात आले. प्रार्थनेला बसायचे म्हणून पादत्राणे तेथेच उतरवण्याची रीत होती. आणि पाहतात तो काय, मांडणी रिकामी! तीस जोड बुटांपैकी एकही जागेवर नव्हता!

"उत्तरा कुठंय?" काकूंनी विचारले. उत्तराही नव्हती.

"तरी मला वाटलंच होतं!" काकू कडाडल्या. "गाडीत घालून नेले असणार! वसंताच्या वर्गाचं तर सोडाच, उद्यापासून त्या मुलीनं इथं पाऊल टाकायचं नाही. तिच्या आईला आत्ता फोन लावते!"

"शोभना, आधी शोधावं, मग बोलावं," निवृत्त डॉक्टर नरेंद्रआजोबा शांतपणे म्हणाले. ते मुलांना संस्कृत शिकवत.

"शोधू कशी, आजोबा? पायात घालायला बूट कुठंयत?"

खरेच होते! मोठी माणसे मोजे घातलेल्या पायांनी सभागृहाच्या खिडक्यांपाशी दाटीने उभी राहिली आणि दूरवरच्या गाड्यांकडे बोटे दाखवू लागली. निहारनेही काचेला नाक लावले. दारापुढचे हिम अखंड होते. त्या शुभ्र पटावर एकही पाऊल उमटलेले नव्हते!

"आश्लेषा," तो हळूच म्हणाला, "कोणी बाहेर गेलेलंच नाही. बूट इथंच आहेत!"

"वेट! मग तळघर!"

मागच्या जिन्यावर पाण्याचे थेंब होते आणि कागदाचे कपटे होते. त्यांच्या मागोमाग तिघे मांजराच्या पावलांनी खाली उतरले. टोकाला फर्नेसची खोली होती. ही भट्टी साऱ्या इमारतीला ऊब पुरवत असे. निहारने श्वास रोखून दार ढकलले.

आत मंद नारिंगी उजेड होता. उंचावरच्या चिमुकल्या खिडकीतून हिमाचा निळसर प्रकाश झिरपत होता. भट्टीभोवती सारे बूट अर्धवर्तुळात बसले होते, अगदी शेकोटीभोवती गोष्ट ऐकायला बसल्यासारखे! सर्वांत लहान बूट सर्वांत पुढे, मोठ्यांचे मागे. प्रत्येकातून वाफेची बारीकशी रेघ वर चढत होती आणि अंधारात विरत होती. मधोमध उत्तरा मांडी घालून बसली होती. नाकावर चिकटपट्टीने जोडलेला मोठा चष्मा, हातात आर्यचा बूट.

"तू फार भिजलायस रे," ती बुटाला सांगत होती. "जरा अजून शेक. घाई काय आहे?"

आर्यला हसू आवरले नाही. उत्तरा दचकली. भुवया लगेच आक्रसल्या.

"तुम्ही इथं काय करताय?"

"तू... तू बूट शेकून काढत होतीस?" निहारने विचारले.

"मग काय! वर कसली थंडी असते. ओले बूट घालून जाता तुम्ही सगळे. माझी रत्नामावशी नागपुरात आजारी माणसाचे पाय शेकते ना, तसं." तिने चष्मा झटकन काढला. "आणि हा पाहिला म्हणून कोणाला सांगू नका. मी घुबडासारखी दिसते. पण याच्याशिवाय मला दूरचं नीट दिसत नाही, डोळे बारीक करावे लागतात."

"आणि बोळे?"

"कागद पाणी शोषतो, वेड्यांनो."

"पण सांगितलं का नाहीस?" आश्लेषाने विचारले.

"सांगितलं असतं तर सगळे 'नको नको, कशाला उगाच' म्हणाले असते. आणि मी बोलायला गेले की लोक दोन पावलं मागे सरकतात."

निहारचे कान तापले. पुस्तकातल्या ज्या गाववाल्यांना तो हसत असे, त्यांच्यातच आज तो उभा होता. मान खाली घालून त्याने वरचे रामायण तिला सांगितले. "आय ॲम सॉरी, ताई. हे माझ्यामुळं झालं."

उत्तराने हातातला बूट खाली ठेवला. म्हणाली, "म्हणजे तो वर्ग गेला."

"मुळीच नाही!" आश्लेषा उसळली. "पण काकूंशी वाद घालून उपयोग नाही. एकही शब्द बोलायचा नाही. बुटांनाच बोलू दे!"

कोपऱ्यातल्या कपड्यांच्या टोपल्यांत बूट भरले. चौघांनी मागच्या जिन्याने चार खेपा केल्या. मोठी माणसे अजून खिडक्यांपाशीच होती! मांडणी जशीच्या तशी लागली, आणि आर्य दालनातून ओरडला, "काकू! बूट आले!"

सारे धावले. काकूंनी रागारागाने एक पाय बुटात घातला. आणि त्या थांबल्या. दुसरा घातला. कपाळावरच्या आठ्या एकेक करून मावळल्या. बाकीच्यांनीही आपापले बूट चढवले. तीस माणसांच्या साठ पावलांना एकाच वेळी ऊब भेटली होती.

"हे... कोणी केलं?" काकूंचा आवाज अगदी लहान झाला होता.

निहार पुढे आला आणि न अडखळता त्याने सारे सांगितले. स्वतःची चूकही झाकली नाही.

नरेंद्रआजोबा प्रसन्न हसले. "मुलीचा शब्द अचूक होता, बाळांनो! शेकणं म्हणजे ऊब देणं. आपण तो शब्द मारण्यासाठी वापरत बसलो, आणि हिनं त्याचा मूळ अर्थ आपल्या पायांत घातला. निहार, आपली चूक सर्वांसमोर सांगणं सोपं नसतं. शाबास! आणि आश्लेषा, आर्य, तुमच्या चातुर्याला काय म्हणावं!"

काकू उत्तरापाशी गेल्या. या वेळी दोन पावले मागे सरकली ती उत्तराच! काकूंनी तिचे गार हात आपल्या हातांत घेतले. जाकिटाच्या खिशातून चष्मा डोकावत होता, तो त्यांना दिसला. "चुकले गं मी. वसंतातला वर्ग तुझा. मात्र एका अटीवर: चष्मा लावून यायचं. मुलांना तुझे डोळे दिसू देत."

बाहेर गाड्यांचे दिवे हिमात धूसर फुलांसारखे उमलू लागले. निहार उंबरठ्याशी बुटांचे बंद बांधत होता. पाठीमागे साखळी खुळखुळली. उत्तरा कमरेवर हात ठेवून उभी होती, नाकावर चष्मा, भुवया मुद्दाम आक्रसलेल्या.

"उद्या वेळेवर ये," ती दरडावून म्हणाली. "नाहीतर शेकून काढीन!"

"प्रॉमिस?" निहारने विचारले, आणि उबदार पावलांनी तो त्या शुभ्र शांततेत उतरला.