बेतलेलं घर

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंना सगळी गल्ली टेपताई म्हणायची. सकाळी अंघोळ झाली की गळ्यात पडणारी टेप झोपतानाच निघायची. वय सत्तेचाळीस, संसार एकटीचा, आणि बावीस वर्षांत भाड्याच्या नऊ खोल्या. आता त्या दुसऱ्या मजल्यावरचं एक घर विकत घेणार होत्या, आणि त्याचं दुखणं साऱ्या जगाला लागलं होतं.

"एकट्या बाईला घर कशाला लागतं?" भाऊ म्हणाला. "आणि आईला नेऊन काय करणार? माझ्याकडे काय कमी आहे?"

"कमी काहीच नाही, दादा. फक्त जागा नाही."

आई त्याच्याकडे बोळात, आखूड खाटेवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायची. सहा वर्षं झाली होती. तिला पाय लांब करून झोपता येईल अशी खोली द्यायची, एवढ्यासाठीच टेपताईंनी घराचा हट्ट धरला होता.

सही करण्याआधी त्या मापं घ्यायला गेल्या. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, आणि आत आईसाठी लहान खोली. तिची एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. लहान खोली सात फूट बाय आठ भरली. पलंग बसत होता, बाजूने फिरायलाही जागा उरत होती. त्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं, गिऱ्हाइकाची छाती-कंबर लिहावी तसं.

आठवड्याने पडद्यांसाठी पुन्हा गेल्या, तर तीच खोली सहा फूट बाय सात.

"टेप ताणली गेली असेल," घर दाखवणारा एजंट म्हणाला.

"ही टेप चुकत असती ना, तर अर्ध्या गल्लीतल्या बायका श्वास कोंडून फिरल्या असत्या."

एजंट हसला, पण दाराबाहेरूनच. पहिल्या वेळीही तो आत आला नव्हता, हे त्यांना आता आठवलं.

ओटा बरोबर कोपराखाली येत होता. खिडकीची कडी सहज वर केलेल्या हाताला लागत होती. स्वयंपाकघराच्या दारातून जाताना दोन्ही खांदे चौकटीला पुसून गेले. कोपऱ्यात, जमिनीपासून छतापर्यंत, गिलाव्यावर बारीक भोकांची सरळ रेघ होती, जुनी शिवण उसवल्यावर कापडावर राहते तशी. टेपताईंनी तिच्यावर बोट ठेवलं. भिंत कोमट होती.

घर त्यांच्यावर बेतलं जात होतं. एकट्या त्यांच्यावर.

दुसरी कोणी असती तर चपला घालायलाही थांबली नसती. टेपताईंना मात्र राग आला. जन्मभर लोकांच्या अंगाच्या मापाचे कपडे शिवायचे आणि स्वतः लोकांच्या घरात अंग चोरून राहायचं. आता आपल्या घरानेही दादाचीच री ओढावी?

"हे बघ," त्या भिंतीला म्हणाल्या, "माप घ्यायचं तर विचारून घ्यायचं असतं. आणि मी एकटी नाही. उद्या आईला आणते, तिचंही घे. जरा माया ठेवून शिव. आवळून नको."

रिकाम्या घरात आवाज घुमतो. इथे तो कापडाच्या गठ्ठ्यात जिरावा तसा जिरला.

दुसऱ्या दिवशी आई आली, दमली, आणि उघड्या लादीवरच आडवी झाली. हळूहळू तिने पाय सरळ केले. "उबदार आहे गं," म्हणाली, आणि तासभर झोपली. त्याच दुपारी टेपताईंनी सही केली.

"पस्तावशील," दादा म्हणाला.

"पस्तावेन. पण माझ्या घरात पस्तावेन."

सामान आणलं तेव्हा लहान खोली आठ फूट बाय नऊ भरली. पलंग ऐसपैस बसला. आई त्यावर लांब झाली आणि म्हणाली, "सहा वर्षांनी माझे पाय मला भेटले बघ." टेपताईंना रडू आलं, आणि त्या रडल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईच्या खोलीच्या भिंतीतून आवाज यायला लागला. ठक. ठक. ठक.

मग दार वाजलं. शेजारची तरुण बाई, खांद्यावर तान्हं बाळ.

"टेप द्याल जरा? आमचा पाळणा भिंतीला लागतोय. कालपर्यंत लागत नव्हता. आमचे हे म्हणतात, तुला भास होतात."

टेपताईंनी गळ्यातली टेप काढून दिली. कापड वाढत नसतं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. एकीकडे सैल केलं तर दुसरीकडे आत घ्यावंच लागतं.

आई झोपली होती, पाय लांब करून.

तिला पुन्हा बोळात पाठवणं शक्य नव्हतं. आणि पाळणा...

त्या भिंतीपाशी गेल्या. तळवा टेकवला. कोमटपणा आता तापासारखा होता.

"लेकराचं घेऊन माझ्या आईला द्यायचं नाही," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "असली चोरी मला चालणार नाही. काय घ्यायचं ते माझ्यातून घे."

त्यांच्या मनात बाहेरची खोली होती.

ठकठक थांबली.

सकाळी शेजारीण टेप परत करून गेली. सगळं ठीक आहे, आपलीच काहीतरी चूक झाली, म्हणाली. पलीकडून पाळण्याची मोकळी करकर ऐकू येत होती.

टेपताईंनी मोजून पाहिलं. आईची खोली आठ बाय नऊ. बाहेरची खोली होती तेवढीच, सूतभरही कमी नाही.

त्या अंघोळ करून आल्या आणि ब्लाऊज घातला. स्वतः बेतलेला, स्वतः शिवलेला, परवापर्यंत चोख बसणारा. खांदे दंडांवर उतरले. बाह्या बोटांपर्यंत आल्या.

आतून आईने हाक मारली. "आले गं," त्या म्हणाल्या.

आधी ब्लाऊज काढला, सुईत दोरा ओवला आणि दोन्ही बाजूंनी आत घेतला. शिवण मात्र कच्चीच ठेवली.