उत्तर न आलेलं आमंत्रण

हॉलंडमधल्या वाखेनिंगनमध्ये संध्याकाळचे सहा वाजले की अख्खं गाव जेवायला बसतं. आमच्या वसतिगृहाच्या सहाव्या मजल्यावर आठ खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. तिथेही सहाला उकडलेल्या बटाट्यांचा वास सुटायचा आणि सातला ओटा पुसून कोरडा. मला ही शिस्त दीड वर्षात जमली नाही. मी मातीच्या प्रयोगशाळेतून चारला यायचे, पोटात कावळे ओरडत असायचे, आणि चारला जेवणारी त्या मजल्यावर मी एकटीच.

घास उचलायच्या आधी समोर दिसेल त्याला "या जेवायला" म्हणायचं, हे बाळकडू मला वोनोसोबोत मिळालं. आमच्या जावात दारावरून जाणाऱ्या पोस्टमनलाही आम्ही बोलावतो. त्याने "होऊ द्या सावकाश" म्हणायचं, की विषय संपला. खरंच कुणी आत येऊन बसत नाही. बसलाच कुणी, तर आमची तारांबळ उडेल, कारण मासा माणशी एकच तळलेला असतो.

हे डच लोकांना कोण सांगणार? पहिल्याच महिन्यात मी समोरच्या खोलीतल्या फेम्केला "ये जेवायला" म्हटलं, तर ती खरंच ताटली घेऊन आली आणि माझं अर्धं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, फस्त करून गेली. वर म्हणाली, "आधी सांगितलं असतंस तर मी चीज आणलं असतं." तिचं काही चुकलं नव्हतं. मीच तिला नको म्हणू शकले नाही. मला कुणालाच नको म्हणता येत नाही. इबू, म्हणजे माझी आई, म्हणते की ही पोरगी चोरालाही चहा विचारेल. तेव्हापासून फेम्के असली की मी तोंड मिटून जेवायला लागले. एकटी असले की मात्र जिभेला राहवत नसे.

ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं एक तास मागे गेली. त्या सोमवारी चारलाच खिडकीबाहेर ऱ्हाइनचा बांध करडा दिसायला लागला होता. मी भात घेतला, वर वांग्याचं तिखट घातलं, बसले आणि हीटरजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "या जेवायला."

हीटरच्या नळीत खट् असा आवाज झाला. जुन्या इमारतीत होतच असतो. मी जेवले.

मी सकाळी निघताना विजेच्या कुकरमध्ये दोन वेळचा भात लावून जायचे. त्या आठवड्यात तो दोन वेळा पुरेना. आधी वाटलं, थंडीनं माझीच भूक वाढली. मग मुकाट्याने वजनकाटा काढला. मातीचा अभ्यास करणाऱ्या माणसाला तोलल्याशिवाय बोलायची सवय नसते. भात शिजल्यावर भांडं तोललं, चारला परत येऊन तोललं. एकशे ऐंशी ग्रॅम कमी. वाफेने एवढं जात नाही. तीन दिवस तोललं, तिन्ही दिवस एकशे ऐंशी. चौथ्या दिवशी मी स्वतःसाठी वाढून घेतलेली ताटली सहज काट्यावर ठेवली. तिच्यातला भातही तेवढाच भरला.

मी फेम्केला विचारलं. शक्य तितक्या गोड आवाजात.

"तुझा भात?" ती म्हणाली. "वेनिंग, मला तुझा भात खायचा असेल तर मी तुला सांगून खाईन. आणि तो नुसता भात कोण खाणार गं? त्याला ना मीठ ना लोणी."

तिचं म्हणणं पटलं. शिवाय एक गोष्ट तिला सांगूनही कळली नसती. माझी घरून आणलेली एनॅमलची ताटली रोज चारला ओट्यावर ओली असायची. हे लोक भांड्यांवर साबणाचा फेस तसाच ठेवून पुसून टाकतात. माझ्या ताटलीला फेसाचा वाससुद्धा नसायचा. ती दोन पाण्यांनी विसळून पालथी घातलेली असायची, आमच्याकडे घालतात तशी.

याच सुमाराला माझं पोट भरेनासं झालं. जेवायचे, उठायचे आणि जिना उतरेपर्यंत पुन्हा भूक. दोन ताटल्या खाल्ल्या तरी तेच. पँटला पट्टा लावायची वेळ आली. प्रयोगशाळेत नमुने चाळताना मध्येच खाली बसावं लागायचं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सगळं उत्तम आहे, चालायला जात जा, असं सांगितलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर फेम्केने मला जिन्यात अडवलं.

"माझ्यावर रागावलीयस का?"

"नाही तर. का?"

"आज साडेतीनला मी हाक मारली, वळलीसुद्धा नाहीस. हीटरजवळ बसून जेवत होतीस. हाताने." ती जरा घुटमळली. "तू आमच्यासमोर हाताने जेवत नाहीस ना, म्हणून लाजलीस वाटलं मला. लाजू नकोस बाई. मला काही वाटत नाही."

साडेतीनला मी प्रयोगशाळेच्या तळघरात होते. माझ्याबरोबर दोन माणसं होती.

"तुला माझा चेहरा दिसला का?" मी विचारलं.

"पाठ दिसली. तुझीच पाठ. तुझा तो पिवळा स्वेटर."

पिवळा स्वेटर माझ्या अंगात होता. मी "हो, जरा घाईत होते," असं म्हणून टाकलं. एवढं बोलून मी खोलीत गेले आणि दार आतून लावलं. मला भीती वाटत होती, आणि कसली वाटते आहे तेही नीट सांगता येत नव्हतं.

शनिवारी म्बाक तितिस आली. ती जावातल्याच क्लातेनची, पीएच.डी.च्या चौथ्या वर्षात. वयाने मोठी म्हणून मी तिला म्बाक, म्हणजे ताई म्हणते. येताना तिने शेंगदाण्याच्या कुरकुरीत पापड्या आणल्या होत्या. मी सगळं सांगितलं, वजनाच्या आकड्यांसकट.

"अगं ए," ती हसत सुटली, "खुर्चीशी सोयरीक जमवलीस की काय? बोलवायचंच होतं तर एखाद्या उंच डच पोराला बोलवायचं!"

"म्बाक, थट्टा नको ना."

"बरं. तू म्हणालीस या जेवायला. पुढे काय म्हणाले?"

"कोण म्हणणार? खोलीत कुणीच नव्हतं."

"होऊ द्या सावकाश, असं कुणी म्हणालं नाही?"

"नाही."

ती पापडी तोडत होती. तो हात थांबला. मग ती उठली आणि हीटरजवळची खुर्ची सोडून, टेबलाला वळसा घालून पलीकडे जाऊन बसली. पुन्हा एकदाही हसली नाही.

"इथे जेवू नकोस," ती म्हणाली. "माझ्याकडे ये. आणि जेवताना तोंडातून एक शब्द काढू नकोस."

त्यानंतर मी रोज माझा भात डब्यात भरून सायकलवरून तिच्याकडे जायचे. आम्ही दोघी तोंडाला कुलूप लावून जेवायचो. चार दिवसांत भाताचं वजन ठरल्या जागी आलं, ओट्यावरची ताटली कोरडी राहायला लागली, फेम्केलाही पुन्हा कुणाची पाठ दिसली नाही. माझी भूक तेवढी गेली नव्हती. तरी मला हायसं वाटलं. गेलं असेल कंटाळून, असं मी स्वतःला समजावलं.

मग माझा वेतोन आला. आमच्याकडे पाच दिवसांचा बाजाराचा आठवडा आणि सात दिवसांचा साधा आठवडा यांची गाठ दर पस्तीस दिवसांनी पडते, आणि जन्माच्या वेळची तीच गाठ पुन्हा आली की तो आपला दिवस. त्या दिवशी इबू माझ्या नावाने तांदळाची लापशी करते, निम्मी गुळाची तांबडी, निम्मी पांढरी. मी घरी असो नसो, सूर्य मावळताना ताटली टेबलावर माझ्या जागी ठेवते आणि नंतर शेजारच्या सुमी मावशीला देते. बापाक, माझे वडील, तीन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून त्या घरात ती एकटी आहे. उन्हाळ्यात पदवी घेऊन मी परत जायचं, हे आमचं ठरलेलं. तेवढ्यावर ती दिवस ढकलत होती. प्रत्येक फोनच्या शेवटी विचारायची, "न्दुक, कधी येशील?" न्दुक म्हणजे पोरी. मला तेवढी एकच व्यक्ती न्दुक म्हणते.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तो हसतच.

"न्दुक, काल गंमत झाली. लापशी ठेवली, नमाज पढून आले, तर ताटली रिकामी. चाटूनपुसून."

"मांजर असेल, इबू."

"मांजर ताटली धुऊन पालथी घालतं का गं? मला बाई फार बरं वाटलं. म्हटलं, माझी पोर येऊन जेवून गेली."

बापाक गेल्यापासून मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं.

"इबू," मी म्हटलं, "पुढच्या वेळी ताटली ठेवू नकोस ना."

ती म्हणाली, "तुझे वडील गेले त्या महिन्यातसुद्धा मी चुकवलं नाही. आता का चुकवू?" तिच्या आवाजात रडू आलं होतं. सगळं सांगायला हवं होतं, ओरडून सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "बरं, तुला योग्य वाटेल तसं कर." स्वतःच्या या गुळमुळीतपणाची मला आजही चीड येते.

डिसेंबरात तिचे फोन कमी झाले. मीच करायचे. मागे भांड्यांचा आवाज असायचा. तिने माशाचा रस्सा केलेला असायचा, फणसाची भाजी केलेली असायची. एकटीसाठी ती कधीच एवढं करत नसे.

"एवढं कुणासाठी?" मी विचारलं.

"असंच गं. जरा जास्तच टाकते हल्ली. भूक फार असते."

"कुणाला?"

"अगं, थांब, दूध उतू जातंय," असं म्हणून तिने फोन ठेवला.

तिसऱ्या-चौथ्या फोननंतर माझ्या लक्षात आलं, की कधी येशील हे ती विचारतच नाही. मी आपण होऊन सांगितलं, की तिकीट काढते आहे, उन्हाळ्याची वाट बघत नाही, पुढच्या वेतोनच्या आधीच येते. ती "हं" म्हणाली, परक्याच्या बातमीला म्हणावं तसं. नाताळामुळे सगळी विमानं भरलेली होती. मला दोन जानेवारीचं तिकीट मिळालं. वेतोन तीस डिसेंबरला होता.

मी सुमी मावशीला फोन लावला. म्हटलं, जरा घरी जाऊन बघून ये. तिने तासाभराने उलट फोन केला.

"बघून आले. छान आहे तुझी आई. गालावर मांस चढलंय. पण तू कुठून फोन करतेयस?"

"हॉलंडहून, मावशी."

"चल, काहीतरीच," ती म्हणाली आणि हसली.

तीस तारखेला मजला रिकामा होता. फेम्के घरी फ्रीसलँडला गेली होती, म्बाक तितिस बर्लिनला मैत्रिणीकडे. दुपारचे बारा वाजले होते, म्हणजे तिकडे संध्याकाळचे सहा. आज ती माझ्या जागी दुसऱ्याच कुणाला वाढणार होती. ते थांबवायचं होतं. मी ठरवलं होतं, की या वेळी तिला वाईट वाटलं तरी चालेल, सरळ सांगायचं. ताटली उचल. आत्ताच्या आत्ता उचल.

बराच वेळ घंटी वाजली.

"हॅलो?" इबूचा आवाज प्रसन्न होता.

"इबू, मी बोलतेय. ताटली ठेवलीस का?"

"कोण बोलतंय?"

"मी. वेनिंग."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आमच्या फरशीवर सरकते तसा.

"वेनिंग जेवतेय," इबू म्हणाली.

मी नुसतं "इबू, इबू" करत राहिले.

"कुणाची मुलगी तुम्ही?" तिने विचारलं. अगदी प्रेमाने विचारलं. ओळख नसलेल्या तरुण मुलींशी ती नेहमीच अशी बोलते.

"इबू, तिच्याकडे नीट बघ. तिचा चेहरा बघ."

"बघतेच आहे की. दीड वर्ष बघितला नव्हता." मग फोनपासून दूर, "अजून वाढू, न्दुक?"

उत्तर मला ऐकू आलं नाही. इबूला ऐकू आलं असावं, कारण ती हसली. मोकळी, पोटातून हसली.

ते हसू ऐकलं आणि मी ओरडले नाही.

"तुम्ही तिच्या तिकडच्या मैत्रीण ना?" ती पुन्हा फोनवर आली. "बरं झालं फोन केलात. तिला सांगायला संकोच वाटतो, तुम्ही तिचं एक काम कराल का?"

"कसलं काम?" मी विचारलं.

"तिची खोली आहे ना तिकडे, ती दुसऱ्या कुणाला देऊन टाका म्हणावं. ती आता यायची नाही. सांगाल ना?"

तिने इतक्या अजिजीने विचारलं होतं.

"हो," मी म्हटलं. "सांगते."